सिमेंट भरलेला दात

मी मिस्त्रीच्या तोंडातला दात बोलतोय. खालच्या जबड्यात, डावीकडे, मागं. बाकी लोक मला दाढ म्हणतात. मिस्त्री दातच म्हणतो, आणि मी त्याचा असल्यामुळे मीही दातच म्हणतो. बोलायची मला सवय नाही. मला ठणकता येतं, तेवढंच येतं. पण आज बोलल्याशिवाय इलाज नाही. मिस्त्री गालावर रुमाल दाबून दवाखान्याच्या बाकावर बसलाय, आणि घरून निघताना बायकोला सांगून निघालाय, "आज काढूनच येतो. कटकट नको."

कटकट म्हणजे मी.

बायकोही सोबत आलीय. आत कुणाचा तरी दात कोरणं चाललंय, त्याची घरघर बाहेर ऐकू येतेय. त्याच्यानंतर आमचा नंबर. तेवढ्यात सांगून टाकतो. मधेच कळ आली तर थांबेन, समजून घ्या.

मी आलो तेव्हा मिस्त्री सहा वर्षांचं पोरगं होता. पुढच्या दातांचं कसं, आधीचा पडतो, पोरगं बोळकं दाखवत गल्लीभर हिंडतं, मग नवा येतो आणि त्याचं कौतुक होतं. माझ्या वेळी काही पडलंच नाही. मी सगळ्यांच्या मागं, रिकाम्या जागेत, हिरडी फाडून मुकाट वर आलो. त्याच्या आईनं एकदा बोट घालून चाचपलं आणि म्हणाली, "दुधाचाच दिसतोय, पडेल."

झालं. त्या एका वाक्यावर माझं बालपण गेलं. पडायचाच आहे तर घासायचा कशाला? गोळ्या, साखर, गूळ, जे काही चिकट असेल ते माझ्या खाचांत येऊन बसायचं आणि मुक्काम करायचं. पुढचे एकेक करून पडले, नवे आले. मी तिथंच. आयुष्यभरासाठी आलेल्या माणसाला पाहुणा समजून वागवलं, आता काय बोलणार.

मिस्त्री चार यत्ता शिकला. माझंही शिक्षण तेवढंच. त्यानं पाटीवर काय लिहिलं मला माहीत नाही, मी पेन्सिली चावल्या.

मग तो कामाला लागला. दारं-खिडक्या बसवायचं काम. हात त्याचा चांगला, तोंड वाईट. काम करताना स्क्रू ओठांत धरायचा, म्हणजे मान पुढच्या दातांना. माझ्याकडे आलं ते आवळणं. रंधा ओढायचा की जबडा आवळायचा. जड चौकट उचलायची की जबडा आवळायचा. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की त्याला काही बोलायचा नाही, जबडा आवळायचा. चाळीस-पन्नास वर्षांत त्यानं गिळलेला लोकांवरचा सगळा राग माझ्यावरून खाली गेलाय.

त्याची कामाची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नवं दार तो मुद्दाम घट्ट करायचा. म्हणायचा, सैल झालेलं दार पुन्हा घट्ट होत नाही, घट्ट दार मात्र वापरून सैल होतं. गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, जरा घासतंय," की याचं उत्तर ठरलेलं. "बसेल." एवढाच शब्द. उघड-झाक करा, बसेल. आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक दारं बसायची. पण एखादा माणूस दुसऱ्यांदा सांगायला आला की याचं डोकं फिरायचं. "लोकांना कळ काढवतच नाही. आले रडत परत." परत येणाऱ्या माणसाला तो रड्या म्हणायचा. त्याच्या तोंडी त्याहून मोठी शिवी नव्हती.

माझ्या मागं माझा एक शेजारी होता. तो किडला, तेव्हा मिस्त्री सरळ जाऊन उपटून आला. बशीत टण् आवाज झाला, तो मी ऐकला. तेव्हापासून डावीकडचं सगळं चावणं एकट्या माझ्यावर आलं. खाली मी, वर माझा सोबती. दोघं म्हातारे, पण रोज भेट होत होती, घासाला घास लागत होता. तक्रार नव्हती.

मग मलाही भोक पडलं. मिस्त्री त्यात काडी घालून बसायचा. जीभ तर तिथून हलेना. जीभ म्हणजे एक नंबरची भोचक बाई. कुठं काही नवीन झालं की हिची चक्कर आलीच. शेवटी बायकोनं त्याला ढकलत ढकलत इथं आणला, याच दवाखान्यात. डॉक्टरीणबाई तरुण आहे. हात हलका. तिनं सुई टोचली, अर्धा जबडा लाकूड झाला, मला आतून कोरून स्वच्छ केलं आणि सिमेंट भरलं. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, ती नोंद असू द्या.

मग तिनं माझ्यावर निळ्या शाईच्या कागदाचा तुकडा ठेवला.

"काका, चावा. उंच लागतंय का?"

आता ज्याला अर्धा जबडा आपला आहे का दुसऱ्याचा हेच कळत नाही, तो काय सांगणार? पण मिस्त्रीला गिऱ्हाईकाकडे जायचं होतं. तोंडाच्या उरलेल्या अर्ध्या भागातून म्हणाला, "बरोबर आहे."

"नीट सांगा हं. पुन्हा एकदा चावा."

"अहो, बरोबर आहे म्हटलं ना. माणूस खोळंबलाय तिकडं माझा."

"बरं. पण सुन्नपणा उतरला की बघा. चावताना उंच वाटलं, दुखलं, तर या परत. जरासं घासलं की होतं. पाच मिनिटांचं काम आहे."

मिस्त्रीनं मान हलवली. ती मान हलवताना तो बाहेरच्या खुंटीवर टांगलेल्या पिशवीकडं बघत होता.

संध्याकाळी सुन्नपणा उतरला. त्यानं पावाचा तुकडा तोंडात टाकला, जबडा मिटला, आणि मी ओरडलो.

सिमेंट उंच राहिलं होतं. किती म्हणाल, तर कागदाच्या जाडीएवढं. तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय होतं? पायाखाली चपलेत खडा घेऊन दिवसभर चालून बघा. पूर्वी जबडा मिटला की सगळे दात एकदम टेकायचे, भार वाटून जायचा. आता सगळ्यांच्या आधी वरच्यानं मला गाठायचं. सगळ्यांचा मार एकट्याला. वरचा बिचारा तरी काय करणार, त्याला तिथून हलता येतं का?

लोकांना वाटतं दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो. नसतो. आमच्या मुळाभोवती एक बारीक गादी असते. तिच्यावर आम्ही उभे असतो. तिला मार लागला की ती सुजते, सुजली की मला वर ढकलते, वर ढकलला गेलो की मी आणखी उंच, आणि पुढचा घास आणखी जोरात. यातून सुटायला मला वाट नाही. मी खाली बसू शकत नाही. बाजूला सरकू शकत नाही. कुणाला सांगू शकत नाही. ठणकू शकतो, आणि तेच मी जीव तोडून केलं. गालापर्यंत ठणकलो, कानापर्यंत ठणकलो. गार पाण्याचा घोट आला की मिस्त्रीचे डोळे मिटायचे आणि बराच वेळ उघडायचे नाहीत.

बायको म्हणाली, "जा ना परत. त्या बाईनं सांगितलंय यायला."

"काय सांगू जाऊन? सिमेंट आहे ते. नवीन आहे. बसेल."

हे ऐकलं आणि मी आणखी जोरात ठणकलो.

मिस्त्रीच्या दारं बनवायच्या कारखान्यात त्याचा मेहुणा काम करतो. तो खोड्याळ. "दाजी, तोंड का वाकडं केलंय?"

"दातात सिमेंट भरलंय. बसतंय अजून."

"सिमेंट ना? मग रोज पाणी मारा. गोणपाट गुंडाळा."

"गप तू. रंधा मार."

"नाहीतर तडे जातील हो, दाजी."

मेहुणा हसला, मिस्त्रीही हसला, आणि हसताना दात टेकले. मग त्याचं हसणं जागच्या जागी मेलं.

पण थट्टेवर थांबलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं त्याच्या धंद्यातली अक्कल चालवली. घट्ट सांधा बसत नसला की तो काय करतो? वर लाकडाचा ठोकळा ठेवतो आणि हातोडा मारतो. इथं हातोडा चालेना, म्हणून त्यानं एक लाकडाची खुंटी तासली, बोटाएवढी, छान गोल, कडा मोडलेली. ती माझ्यावर ठेवायची आणि जबड्यानं दाबायचं. जेवण झालं की दाबायचं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दाबायचं आणि म्हणायचं, "जरा खाली गेल्यासारखं वाटतंय."

खाली कुठं जाणार मी? खाली हाड आहे.

बायकोनं बघितलं. "तोंड आहे का चौकट?"

"तुला कळत नाही यातलं."

"तुम्हाला कळतं?"

"सांधा तो सांधा."

मला वाटलं होतं ती खुंटी हिसकावून चुलीत टाकेल. तिनं नुसता हात कपाळाला लावला. माणसं एकमेकांना किती सहन करतात, आणि कुठं सहन करू नये हेच त्यांना कळत नाही.

त्या खुंटीखाली एकदा माझ्या आत काहीतरी तडकलं. आवाज बारीक होता. मिस्त्रीला ऐकू गेला नाही. मला गेला.

त्यानंतर घर बिघडलं. मिस्त्री फक्त सूप आणि दुधात कालवलेला पाव खायला लागला. गालफडं बसली. आधीच कमी बोलणारा, तो बोलायचाच थांबला. बोलला तर खेकसायचा. एकदा बायको समोर बसून टोस्ट खात होती. हा तिच्या तोंडाकडं बघत बसला, आणि एकदम म्हणाला, "केवढा आवाज करतेस."

ती थांबली. हातातला टोस्ट बघितला, दुधात बुडवला आणि मऊ करून खाल्ला. त्या दिवसापासून तिच्या ताटात कडक काही आलं नाही. दात तिचे धडधाकट. मला त्या बाईची लाज वाटली. तिच्या नवऱ्याच्या तोंडात राहून मी तिचं जेवण बिघडवलं.

मी काय करू? मी ठणकलो नाही तर कुणी माझ्याकडं बघत नाही. ठणकलो तर म्हणतात उपटा.

मग ती शिलाईवाली आली. तिच्या दुकानाला मिस्त्रीनं नवं दार बसवलं होतं. कारखान्याच्या दारात उभी राहूनच म्हणाली, "मिस्त्री, दार अजून घासतंय."

"बसेल."

"कधी बसेल? ओढून ओढून माझा खांदा गेला. मी मशीन कशी चालवू? तुम्ही येता का दुसऱ्याला बोलवू?"

दुसऱ्याला बोलवू म्हटल्यावर मिस्त्री गेला. पिशवी घेतली, जबडा आवळला, गेला. दाराच्या कडेला त्यानं खडू फासला. दार लावलं, उघडलं. चौकटीवर जिथं खडू उमटला तिथं बोट ठेवलं. "इथं लागतंय." रंधा काढला, दाराची तेवढीच कड तासली. पापुद्र्यासारखा पातळ छिलका निघाला, खाली पडला. दार बोटानं ढकललं तर आवाज न करता मिटलं.

शिलाईवाली म्हणाली, "एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग माझा खांदा का घालवला?"

"मला काय माहीत इतकं लागतंय. सांगायचं ना नीट."

"सांगत तर होते. तुम्हीच बसेल बसेल करत होता."

मी आतून किती आकांत केला असेल. अरे, तुझ्याच हातांनी केलंस ना आत्ता? तेच माझं कर. खडू लाव, बघ, छिलका काढ. माझ्यावर एवढंच जास्त आहे रे. मी सगळा जीव एकवटून ठणकलो. मिस्त्रीनं गाल धरला, पिशवी आवरली आणि मनाशी म्हणाला, "आता हा दात काढूनच टाकतो."

असा मी इथं आलो.

थांबा. आतला माणूस बाहेर आला. आमचा नंबर.

मिस्त्री खुर्चीवर आडवा झालाय. बायको दाराशी उभी आहे. ताटात पक्कड दिसतेय. मागच्या शेजाऱ्याला जिनं नेलं ती अशीच होती.

"काढा," मिस्त्री म्हणतोय.

"आधी बघू तर द्या." डॉक्टरीणबाई फोटो काढते, उजेडात धरते. "मूळ चांगलं आहे, काका. काढायचा कशाला?"

"माझा दात आहे. मी सांगतोय काढा."

"दुखतं कधी? सतत, का चावल्यावर?"

"सगळंच दुखतं."

संपलं. एवढ्या दिवसांत त्याला एक नीट उत्तर द्यायची वेळ आली आणि हा म्हणतो सगळंच दुखतं. बाई सुई उचलायला वळली. मी ठणकायचंही विसरलो.

"अहो, खोटं का सांगता?" दारातून बायको बोलली. "डॉक्टर, तोंड मिटून बसले की काही नसतं. घास ठेवला आणि दाताला दात टेकला की खुर्चीवरून उडतात. गार पाणी प्यायलं की डोळे मिटून बसतात, किती वेळ."

मिस्त्री मान वळवून तिच्याकडं बघतोय. "तू कधी बघितलंस?"

"रोज समोर बसते तुमच्या. दुसरं बघायला आहे काय तिथं?"

डॉक्टरीणबाईनं सुई खाली ठेवली. निळा कागद घेतला. या वेळी जबडा जागा आहे. "चावा, काका." मिस्त्रीनं चावलं आणि कळवळला. बाईनं आरसा त्याच्या हातात दिला. माझ्यावर एक निळा ठिपका, गडद, शाईसारखा. शेजारच्या कुणावर काही नाही. मिस्त्री त्या ठिपक्याकडं बघत राहिला. त्याचे कान लाल झाले.

बाईनं घासलं. घुर्र, घुर्र, थोडंसं. पुन्हा कागद, पुन्हा थोडंसं. मग मिस्त्रीनं जबडा मिटला आणि सगळे दात एकदम टेकले. किती दिवसांनी मला एकट्याला मार बसला नाही. काय सांगू तुम्हाला. दातांना रडता येत नाही ते बरं आहे.

पण बाई अजून माझ्याकडंच बघत होती. बारीक उजेड टाकून, डोळे बारीक करून. "इथं चीर दिसतेय. काही कडक चावलंत का?"

मिस्त्री छताकडं बघतोय.

"खुंटी," बायको म्हणाली.

"खुंटी?"

"लाकडाची. बसवायला."

बाईनं तोंडावरचा मास्क खाली ओढला. रागावेल असं वाटलं. रागावली नाही, ते जास्त वाईट वाटलं. म्हणाली, "काका, चीर वरवरची असेल तर दात वाचेल. मुळात गेली असेल तर नाही वाचणार. आज कळायचं नाही. या बाजूनं चावू नका. दुखणं हळूहळू कमी होत गेलं तर चांगलं. पण एकदम थांबलं, अगदी काहीच लागेनासं झालं, तर आनंद मानू नका. आतली नस मेली तरी दुखणं थांबतं. तसं झालं तर लगेच या. रडत आलात तरी चालेल, पण या."

"येतो," मिस्त्री म्हणाला. परत यायचं कबूल करताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

आता आम्ही रस्त्यानं चाललोय. ऊन आहे. मिस्त्रीनं तोंड मिटलंय, जबडा आवळलेला नाही. बायको त्याच्या बाजूनं चाललीय आणि दर थोड्या वेळानं त्याच्या गालाकडं बघतेय.

"कसं वाटतंय?"

मिस्त्रीनं आत कान दिल्यासारखं केलं. "गप्प आहे."

"हळूहळू गप्प झालाय का एकदम?"

तो रस्त्यातच उभा राहिला. मागून येणारा माणूस त्याला वळसा घालून गेला. "मला काय माहीत," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

मलाही माहीत नाही, मिस्त्री. आत चीर आहे. ती किती खोल आहे ते मला दिसत नाही. मी दोन्ही बाजूंनी स्वतःला धरून उभा आहे, एवढंच मला कळतंय. मघापर्यंत कळ होती, तेव्हा मी शिव्या देत होतो, पण तेव्हा मी आहे हे मला कळत होतं. आता ती मागं सरतेय. ती पावलापावलानं चाललीय का दार ओढून कायमची गेलीय, मी सांगू शकत नाही. आत फार शांत वाटतंय. मला ही शांतता आवडत नाही.

घरी गेल्यावर बायको तुला सूप देईल. उजवीकडून पी. मग पाण्याचा एक घोट घे, गार, आणि माझ्यावरून जाऊ दे. जपून. आणि मिस्त्री, तेव्हा मी दुखलो तर उपटा म्हणू नकोस. थोडं तरी दुखू दे मला रे. थोडं तरी दुखू दे.